उपाशी बाटल्यांची पंगत

पदनाम: प्रयोगशाळा परिचर, सागरी संशोधन केंद्र. बांधा: मध्यम. ओळखीची खूण: उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. कर्तव्ये: बाटल्या व टाक्या धुणे, नमुन्यांची ने-आण करणे आणि वरिष्ठ वेळोवेळी सांगतील ती अन्य कामे. वर्तणूक: समाधानकारक. प्रयोगांच्या निष्कर्षांशी संबंध: नाही.

सेवापुस्तकातल्या या वर्णनात खोटं काही नाही. फक्त ज्या माणसाबद्दल ते आहे, तो त्यात सापडत नाही. त्याचं नावसुद्धा सेवापुस्तकातच राहतं. बाहेर त्या नावाने त्याला कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. साहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्याला वाढपी म्हणतात. केंद्रातल्या संशोधक बाई तेवढ्या वाढपीकाका म्हणतात, कारण त्या बाहेरून शिकून आलेल्या आहेत.

वाढपी हे टोपणनाव नव्हे, पूर्वीचा हुद्दा आहे. बंदरावर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांसाठी एक जेवणघर होतं. लांब हॉल, पत्र्याचं छप्पर, समोरासमोर बाक, आणि मधल्या वाटेने बादली-पळी घेऊन येरझारा घालणारा हा माणूस. ओळखीच्या खुणेतला डाग त्याच बादलीचा. उमेदीची सगळी वर्षं त्याने त्या वाटेवर काढली. दारातून आत येणाऱ्याच्या चालीवरून त्याला कळायचं, की हा सकाळचं काही खाऊन आलाय की तसाच आलाय. कंत्राटदाराने एकदा त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की आज पहिल्या बाकावर मोठी माणसं आहेत, तिथे हात जरा सैल सोड, मागच्या बाकांवर आखडता घेतलास तरी चालेल. वाढपी म्हणाला, "मालक, पळीला तोंडं ओळखता येत नाहीत." कंत्राटदाराला राग आला. पण पळी स्वतः धरायची त्याची तयारी नव्हती, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

या गोष्टीला एक जुना शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसलेल्यांमध्ये डावं-उजवं करणं. हल्ली लोक तो भाषणांत वापरतात, किंवा स्वतःची बढती हुकली की वापरतात. वाढपी तो मूळ अर्थाने वापरायचा, आणि त्याच्या तोंडी त्याहून वाईट शिवी कोणी ऐकलेली नाही.

पुढे बंदरावर यंत्रं आली, माणसं घटली, आणि यंत्रं जेवत नसल्यामुळे जेवणघर बंद पडलं. वाढप्याला केंद्रात सामावून घेण्यात आलं. सामावून घेणं म्हणजे जिथे आपली गरज नाही तिथे आपल्याला खुर्ची मिळणं. इथे खुर्ची शिल्लक नव्हती, म्हणून त्याला बाटल्या मिळाल्या.

केंद्र म्हणजे धक्क्याच्या टोकाला असलेली दुमजली इमारत. खाली मासे, वर पाणी. खालच्या मजल्यावर साहेब. माशांच्या पिल्लांना उपाशी ठेवलं तर ती किती दिवस तग धरतात, हा साहेबांचा विषय. एका जातीची पिल्लं अन्नावाचून आश्चर्यकारक काळ टिकतात, एवढंच नव्हे तर किंचित वाढतात, असा त्यांचा निष्कर्ष बराच गाजला होता. इतरत्र कोणालाही तसं आढळलं नसल्यामुळे तो जास्तच गाजला.

वरच्या मजल्यावर बाई. बाईंचा विषय धूळ. साहेब त्याला झाडूचा विषय म्हणत.

वाढप्याच्या घरीही या विषयाला फारसा मान नव्हता. त्याची बायको रुग्णालयाच्या कपडेखोलीत चादरी मोजून द्यायची-घ्यायची. दिवसभर डागांशी गाठ पडत असल्यामुळे तिचं जगाबद्दल स्पष्ट मत झालं होतं.

"एवढं शिकून धूळ गोळा करतात?" तिने विचारलं होतं. "त्यांना म्हणावं, आमच्या कपाटाखाली हवी तेवढी आहे."

"ती चालत नाही गं. ती घरगुती."

"मग त्यांची कुठली?"

"वाळवंटातली. खास बरणीतून आलीय."

"धुळीतही वरच्या घरातली असते का," बायको म्हणाली, आणि दिवा मालवायला उठली.

बाईंच्या लॅबमध्ये लोखंडाला मज्जाव होता. समुद्राच्या पाण्यात लोह इतकं कमी असतं, की एखाद्या गंजक्या खिळ्याच्या नुसत्या सहवासाने सगळं मोजमाप बिघडावं. म्हणून वाढपी दारात पट्टा काढून ठेवायचा आणि विजार सुतळीने बांधायचा. बाटल्या ॲसिडमध्ये भिजवायच्या, शुद्ध पाण्याने विसळायच्या, पुन्हा भिजवायच्या. बाटल्या प्लॅस्टिकच्या, हातमोजे प्लॅस्टिकचे, चमचा प्लॅस्टिकचा. त्याने एवढी स्वच्छ भांडी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती कशासाठी, तर त्यांत धूळ घालायची. त्याने यावर काही मत दिलं नाही. जेवणघरात त्याने याहून विचित्र गोष्टी पाहिल्या होत्या.

एका जहाजाने भर समुद्रातलं पाणी आणून दिलं. गच्चीवर एक उथळ हौद होता, त्यात समुद्राचं पाणी सतत खेळतं ठेवलेलं, वर निळ्या कागदाचं आच्छादन, म्हणजे बाटल्यांना आपण अजून पाण्याखालीच आहोत असं वाटावं. हौदात बारा बाटल्या ओळीने बसवल्या. सहांना लाल झाकणं, सहांना पांढरी. तेराव्या बाटलीत तेच पाणी भरून, तिच्या तोंडात काचेचा थर्मामीटर खोचून ती कोपऱ्यात बांधून ठेवली.

इथे बाईंची एक चूक झाली. त्यांनी वाढप्याला सगळं समजावून सांगितलं, आणि तेही त्याला जवळच्या वाटणाऱ्या भाषेत.

"काका, भर समुद्र इतका निळा का दिसतो, माहितेय?"

"आकाशामुळे."

"थोडं त्यामुळेही. पण मुख्य म्हणजे त्यात फारसं कोणी नसतं. निळा हा उपाशीपणाचा रंग आहे."

वाढपी बाटल्यांकडे बघायला लागला.

बाईंनी सांगितलं, की या पाण्याच्या चमचाभरात डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव असतात. जिवाणू असतात, सूक्ष्म शेवाळं असतात. ऊन भरपूर असतं. हवेतला नायट्रोजन पकडून खाऊ शकणारे कसबी जीवही त्यांत असतात. पण त्या कसबाला लोहाचा कण लागतो, फॉस्फरसचा कण लागतो. किनाऱ्याला तो नद्यांच्या गाळातून मिळतो. मधल्या समुद्रापर्यंत गाळ पोचत नाही. तिथे पोचते ती वाऱ्यावरची धूळ. वाळवंटात वादळ उठलं की ती वर चढते, समुद्रावरून हजारो मैल जाते आणि वाटेत पडत राहते.

"म्हणजे वाळवंट वाढपी," तो म्हणाला.

"असं म्हणायला हरकत नाही."

हरकत होती, हे पुढे कळलं.

"पण पानावर पहिला हात कोण मारतं, ते बघायचंय," बाई उत्साहाने म्हणाल्या. "शेवाळं खातात, की त्यांच्या आधी जिवाणूच ताव मारून मोकळे होतात. म्हणून लाल झाकणांच्या बाटल्यांत धूळ घालायची. पांढऱ्यांत नाही."

"त्यांना कधी घालायची?"

"कोणाला?"

"पांढऱ्यांना."

"त्यांना नाही घालायची. त्या उपाशीच ठेवायच्या."

"नंतर?"

"नंतरही नाही. त्याशिवाय दोघांत फरक आहे हे कसं कळणार?"

"फरक आहेच की बाई," वाढपी म्हणाला. "आपणच करतोय."

बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. वाढपी विनोद करत नसे.

या प्रयोगावर बाईंचं बरंच काही अवलंबून होतं. महिनाअखेरीस एक संशोधनाचं जहाज मधल्या समुद्रात जाणार होतं आणि त्यावर केंद्राला दोन जागा मिळाल्या होत्या. साहेबांना त्या माशांसाठी हव्या होत्या. बाईंना धुळीसाठी हव्या होत्या. ठरलं असं, की गच्चीवरच्या बाटल्यांत धुळीचा परिणाम दिसला तर जागा बाईंच्या. नाही दिसला तर धुळीचं काम बंद, आणि बाईंची बदली आतल्या भागात, नळाच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या कार्यालयात. तिथे पाण्यात जिवंत काहीही न सापडणं हेच यश समजतात. बाईंनी आयुष्याची उमेद ज्या जिवांवर खर्च केली होती, त्यांचा तिथे रोज सकाळी क्लोरीनने निकाल लावला जायचा.

बाईंनी लाल झाकणांच्या बाटल्यांत धूळ घातली आणि गच्ची वाढप्याच्या हवाली केली. काम सोपं होतं. दिवसातून काही वेळा थर्मामीटर बघायचा, बाटल्या हलक्या हाताने हलवायच्या, हौदाचं पाणी वाहतंय ना ते बघायचं. दुपारी सगळे खाली जेवायला गेले की तो गच्चीवरच डबा उघडायचा.

पहिल्या दिवशी त्याने डबा उघडला आणि बंद केला. उपाशी बसलेल्यासमोर आपण खायचं नाही, ही जेवणघरातली शिस्त. दुसऱ्या दिवशी तो बाटल्यांकडे पाठ करून बसला. घास गिळताना आपल्या पाठीकडे कोणी बघतंय असं त्याला वाटत राहिलं, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे बघणाऱ्यांची संख्या अब्जांत जात होती. तिसऱ्या दिवशी तो जिन्यात जाऊन जेवला. जिन्यात जेवणं माणसाला शोभत नाही. चौथ्या दिवशी त्याने धुळीची बरणी उघडली.

इथे एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. त्याने पट्टा काढला, हातमोजे घातले, प्लॅस्टिकचा चमचा ॲसिडने धुऊन घेतला, आणि बाईंनी लाल झाकणांना वाढली होती बरोबर तेवढीच धूळ पांढऱ्या झाकणांना वाढली. लाल झाकणांनी आधी सुरुवात केली होती, म्हणून मागून बसलेल्यांना त्याने त्यावर किंचित झुकतं माप दिलं. प्रत्येकाला सारखंच किंचित. कामात खोट काढायला जागा नव्हती. मग त्याने गच्चीवर बसून व्यवस्थित जेवण केलं.

आठवडा उलटला. बाईंनी बाटल्यांचं पाणी एकेक करून गाळलं. गाळणकागदाच्या गोल चकत्यांवर जे उरतं, त्याच्या हिरवेपणावरून शेवाळाचा अंदाज येतो. लाल झाकणांच्या सहा चकत्या हिरवट निघाल्या. बाई गुणगुणायला लागल्या. मग पांढऱ्या झाकणांच्या सहा चकत्या निघाल्या. त्याही हिरवट होत्या. गुणगुणणं थांबलं.

बाईंना आधी वाटलं, बाहेरून काही पडलं असेल. पण बाहेरून पडलेली घाण अशी शिस्तीत पडत नाही. एका बाटलीत जास्त, एकीत कमी, असं व्हायला हवं होतं. इथे सगळ्या पांढऱ्या बाटल्यांचे आकडे एका साच्यातून काढल्यासारखे. त्यांच्या सबंध कारकिर्दीत इतके सुबक आकडे आले नव्हते. सुबकपणाला पुरावा मानायची सवय असल्यामुळे त्यांनी ते खरे मानले. याचा अर्थ एकच निघत होता: धूळ घाला किंवा न घाला, समुद्राला काही पडलेलं नाही.

साहेबांनी आकडे पाहिले आणि त्यांना वाईट वाटलं. त्यांनी ते बऱ्याच आनंदाने व्यक्त केलं.

वाढपी त्या संध्याकाळी खुशीत घरी गेला.

"बारापैकी बाराही बाटल्यांनी बाळसं धरलं," त्याने बायकोला सांगितलं.

"निम्म्या उपाशी होत्या ना?"

"होत्या."

बायकोने हातातलं काम थांबवलं. "अहो, तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? वाढलं."

"बाईंनी सांगितलं होतं?"

"बाई एकटं माणूस. त्यांच्या लक्षात राहिलं नसेल, आपण समजून घ्यायचं."

"त्यांनी नाही सांगितलं होतं ना घालायला? 'नाही' म्हणाल्या होत्या ना?"

"म्हणायला म्हणाल्या होत्या."

बायको त्याच्यासमोर येऊन बसली. "आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी पेशंटला उपाशी ठेवतात. दारावर पाटी असते, नर्स तीनदा सांगते. तरी प्रत्येक पेशंटला एक आत्या नाहीतर मामा असतोच. 'पोरगं सुकलंय' म्हणतो आणि उशीखालून बिस्किट देतो. मग भूल देता येत नाही. ऑपरेशन पुढे. डॉक्टर सगळ्यांवर ओरडतात, आणि तो मामा बाहेर बाकावर बसून म्हणतो, मी काय वाईट केलं."

वाढप्याने पान पुढे ओढलं.

"मला वाटायचं, असली माणसं बाहेरून येतात," बायको म्हणाली. "माझ्याच घरात एक आहे, हे आज कळलं."

"पण बाटल्यांचं कुठे ऑपरेशन होतं?"

"बाईंचं होतं ना."

यावर तो भरल्या पानावरून उठला. त्याच्या आयुष्यात ही गोष्ट त्यापूर्वी झालेली नव्हती आणि त्यानंतरही झालेली नाही.

सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग होती. टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला बाई, आणि दोघांच्या मध्ये कार्यवृत्त लिहायला लेखनिक. वाढपी चहा घेऊन आत गेला, कप ठेवले आणि तिथेच उभा राहिला. चहा ठेवणाऱ्याने नंतर बाहेर जायचं असतं. साहेबांनी थोडी वाट पाहिली.

"काही राहिलंय का?"

"हो साहेब. पांढऱ्या झाकणांच्या बाटल्या उपाशी नव्हत्या."

बाईंनी मान वर केली.

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"मी वाढलं."

"काय वाढलंत?"

"धूळ."

लेखनिकाने विचारलं, "हे लिहायचंय का?"

"थांबा जरा," साहेब म्हणाले. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणीच नाही."

"मग का घातलीत?"

वाढप्याने बाईंकडे बघायचं टाळलं. "साहेब, बारा जण एका ओळीत बसलेले. सहांच्या पानात पडलंय, सहांच्या नाही. आणि वाढायचं सामान समोर बरणीत. हा पंक्तिप्रपंच झाला. माझ्याच्याने नाही बघवलं."

लेखनिकाने पेनाचं टोपण काढलं.

"कारण म्हणून काय लिहू?" लेखनिक हळूच म्हणाला. "पंक्तिप्रपंच जोडून लिहितात ना?"

बाई ओरडतील अशी वाढप्याने तयारी ठेवली होती. पण माणूस रात्रभर आपल्याच डोक्यावर संशय घेत असेल, तर दोष दुसऱ्याचा निघाल्यावर त्याला आधी विश्रांती मिळते. राग मागून येतो. बाईंचा अजून वाटेत होता.

"म्हणजे बाराही बाटल्यांत धूळ होती," त्या म्हणाल्या. "आणि बाराही हिरव्या झाल्या."

"त्याने काही सिद्ध होत नाही," साहेब म्हणाले. "त्या धुळीवाचूनही हिरव्या झाल्या असत्या. उपाशी बाटली एकही नाही. तुलना कशाशी करणार?"

साहेबांचं बरोबर होतं. बाईंनीही तसं कबूल केलं. त्यांनी समोरचे कागद गोळा करायला सुरुवात केली, आणि नळाच्या पाण्याच्या कार्यालयात बसतात तशा बसल्या. मग त्यांनी, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "काका, एकही सोडली नाहीत?"

"थर्मामीटरवाली राहिली," वाढपी म्हणाला.

बाईंच्या हातातले कागद थांबले. "तिला का नाही घातलीत?"

"ती पंगतीत कुठे होती बाई? ती ड्यूटीवर होती." त्याला हा प्रश्नच कळला नव्हता. "वाढणारा शेवटी जेवतो. पंगत उठल्यावर मी तिला घालणारच होतो, पण तुम्ही गाळायला घेतलंत."

सगळे जिना चढून गच्चीवर गेले. लेखनिकाला यायची गरज नव्हती, तोही आला. तेरावी बाटली कोपऱ्यात दोरीला बांधलेली, तोंडात थर्मामीटर, आपलं तापमान सांगत होती. तेच पाणी, तेच ऊन, तोच आठवडा. बाईंनी ती लॅबमध्ये नेली आणि गाळली. मग ओल्या चकत्या पांढऱ्या ताटलीत एका ओळीत मांडल्या. बारा हिरवट. तेरावी पाण्यात भिजवलेल्या कोऱ्या कागदासारखी.

"एक बाटली म्हणजे पुरावा नव्हे," साहेब म्हणाले.

"नाहीच," बाई म्हणाल्या. "हा प्रयोग पुन्हा करायला हवा. नीट. भर समुद्रात. बरणीला कुलूप लावून."

साहेब चकत्यांकडे बघत होते. त्यांच्या मनात माशांसाठी मागितलेल्या दोन जागा असाव्यात, कारण ते 'नाही' म्हणायच्या बेतात होते. ओठांची तयारी झाली होती. तेवढ्यात त्यांना दुसरं काहीतरी सुचलं आणि ते वाढप्याकडे वळले.

"तुम्ही खालच्या टाक्याही धुता ना?"

"रोज, साहेब."

"माझ्या टाक्या."

"हो साहेब. पिल्लांच्या."

"त्या पिल्लांना तुम्ही कधी…"

वाढप्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"तुम्ही बोलू नका," साहेब म्हणाले. मग लेखनिकाला म्हणाले, "हे लिहू नका."

लेखनिक म्हणाला, "मी वही खालीच ठेवून आलोय, साहेब."

साहेब खिडकीशी जाऊन धक्क्याकडे बघायला लागले. एकदा गाजलेला निष्कर्ष परत घेता येत नाही. आपण तो एका बादलीवाल्याच्या दयाबुद्धीतून मिळवला, असं तर मुळीच सांगता येत नाही. शेवटी ते वळले आणि म्हणाले, की विज्ञानाच्या व्यापक हिताचा विचार करता जहाजावरच्या दोन्ही जागा धुळीला द्याव्यात. एक बाईंना. दुसरी यांना.

"मला?" वाढपी म्हणाला.

"यांना इथे ठेवून तुम्ही जाणार असाल तर मी परवानगी देणार नाही," साहेब बाईंना म्हणाले.

बाईंचा राग त्या सुमाराला पोचला. संध्याकाळपर्यंत त्या वाढप्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी बरणी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि म्हणाल्या, "काका, मी काल रात्रभर झोपले नाहीये. तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलं होतंत?"

"कळतंय बाई. मी मामा झालो होतो."

बाईंना हे कळलं नाही. त्यांनी स्पष्टीकरण मागितलं नाही, कारण समजावून सांगण्याचे परिणाम त्यांनी पाहिले होते.

निघायच्या दिवशी बायकोने त्याची पिशवी भरून दिली. "तिथे कोणाला काही घालू नका."

"जहाजावर स्वयंपाकी आहे."

"मी स्वयंपाक्याबद्दल बोलत नाहीये."

जहाजावर प्रयोग नीट झाला. किल्ली बाईंच्या गळ्यातून हलली नाही. हौद डेकवर बसवला होता, बाटल्यांची ओळ होती, लाल झाकणं होती, पांढरी झाकणं होती. वाढपी जेवायला दुसऱ्या टोकाला जायचा. पांढऱ्या झाकणांवरून तो नजर वळवायचा नाही. त्यांच्याकडे सरळ बघायचा आणि काही करायचा नाही. बाईंच्या मते हे त्याचं त्या सफरीतलं सगळ्यात अवघड काम होतं. या वेळी लाल झाकणांच्या चकत्या हिरव्या निघाल्या आणि पांढऱ्यांच्या कोऱ्या. शिवाय असंही दिसलं, की धूळ पडल्यावर पहिल्या फेरीला जिवाणूच ताव मारतात आणि शेवाळांचा नंबर मागून लागतो. वाढपी म्हणाला, जेवणघरातही हेच असायचं, दाराजवळच्यांचं आधी भागायचं.

प्रयोग संपल्यावर बाईंनी त्याला सांगितलं, की बाटल्यांत न गाळता उरलेलं पाणी ओतून टाका आणि त्या धुऊन ठेवा. त्याच बोलण्यात त्यांनी असंही सांगितलं, की उपग्रहाच्या चित्रात धुळीचा मोठा ढग निघालेला दिसतोय, दोन-तीन दिवसांत इथवर पोचेल. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध होता की नव्हता, हे बाईंनी सांगितलं नाही.

सफरीनंतर सेवापुस्तकात नोंद झाली ती अशी: सदर कर्मचाऱ्याने समुद्रावरील कालावधीत सर्व आदेशांचे तत्परतेने पालन केले. नमुन्यांविषयी अनावश्यक आपुलकी बाळगण्याची सवय सुटली आहे. वर्तणूक: समाधानकारक. निष्कर्षांशी संबंध: नाही.

पांढऱ्या झाकणांच्या बाटल्या त्याने जहाजावर तिसऱ्या दिवशी, ढगातली धूळ पडायला लागल्यावर, समुद्रात ओतल्या होत्या.